नॉर्वेच्या समीक्षक-पुरस्काराच्या यादीतून मराठीसाठी पुस्तक कसं निवडावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं छोटं प्रकाशन आहे. यून फॉसेंना २०२३ साली नोबेल मिळालं तेव्हापासून एखादं नॉर्वेजियन पुस्तक मराठीत काढावं असं तुमच्या मनात आहे. कुणीतरी सुचवलं की नॉर्वेतले समीक्षक दरवर्षी एक पुरस्कार देतात, त्याची यादी घ्या आणि त्यातलं एक उचला. तर हा पुरस्कार नेमका काय, त्याचं वजन किती, त्यातलं कोणतं पुस्तक मराठीत उभं राहील आणि इंग्रजीवरून अनुवाद केला तर चालेल का, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

मी बरीच वर्षं नॉर्वेत राहते, इथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते आणि फावल्या वेळात नॉर्वेजियनमधून मराठीत अनुवाद करते. छापून आलेलं फार थोडं आहे, कपाटात पडलेलं बरंच. त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं आहे, अधिकारवाणीचं नाही.

या पुरस्काराला इथे सगळे नुसतं 'क्रितिकेरप्रिसेन' म्हणतात, म्हणजे समीक्षकांचं बक्षीस. १९५० पासून चालू आहे. देतो तो नॉर्वेजियन समीक्षक संघ. आधी काही पुस्तकांना नामांकन मिळतं, मग संघाच्या साहित्य विभागातले सभासद मतदान करतात. इथे एक गैरसमज आधीच दूर करते. मराठीत 'समीक्षक' म्हटलं की डोळ्यांपुढे विद्यापीठातले प्राध्यापक येतात, मृत्यूनंतर लेखकावर गौरवग्रंथ काढणारे. इथला 'क्रितिकेर' म्हणजे आठवड्याला एखाददुसऱ्या नव्या पुस्तकावर परीक्षण लिहून देणारा माणूस. आफ्तेनपोस्तेन, क्लासेकांपेन, मोर्गेनब्लादे अशा पत्रांत त्याचं नाव छापून येतं, लेखक दुकानात भेटतो आणि एकतर हात मिळवतो किंवा दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहतो. काही दैनिकं तर परीक्षणाशेजारी फाशाचं चित्र छापतात, एक ते सहा ठिपके. ही पद्धत व्हीजी या दैनिकानं १९५२ साली सिनेमासाठी काढली, पुढे ती पुस्तकांवर, गाण्यांवर, हॉटेलांवर, सगळ्यावर पसरली. पाच ठिपके मिळाले म्हणून रुसलेले कवी मी पाहिले आहेत.

म्हणून या पुरस्काराचं वजन वेगळं. मत देणाऱ्यांनी त्या वर्षी आपलं मत आधीच छापून दिलेलं असतं. बंद खोलीत बसलेली पाचसात माणसांची समिती नसते. ज्याचं त्याचं परीक्षण ग्रंथालयात काढून वाचता येतं.

शेजारचे पुरस्कारही ओळखून ठेवा, कारण मलपृष्ठांवर सगळ्यांची खिचडी होते. ब्रागे पुरस्कार १९९२ पासून आहे. तो निवड-समिती देते आणि देते नोव्हेंबरच्या सुमाराला, म्हणजे नाताळाच्या तोंडावर. नॉर्वेजियन माणूस नाताळात पुस्तक भेट देतो, त्यामुळे ब्रागे जाहीर झाल्यावर आमच्याकडे आरक्षणांची रांग लागते ती जानेवारीपर्यंत हटत नाही. पुस्तक-विक्रेत्यांचा पुरस्कार वेगळा, तिथे दुकानांतले लोक मत देतात. समीक्षकांचा पुरस्कार मात्र नाताळ उलटून गेल्यावर, बर्फ वितळायच्या सुमाराला येतो. बाजाराचा हंगाम तेव्हा संपलेला असतो आणि लोक ईस्टरच्या सुट्टीत वाचायला खुनाच्या कादंबऱ्या शोधत असतात. (ईस्टरला डोंगरातल्या केबिनमध्ये बसून गुन्हेगारी कादंबऱ्या वाचणं हा इथला खराखुरा कुळाचार आहे. संत्री, चॉकलेट आणि प्रेत.) अशा वेळी जाहीर होणाऱ्या पुरस्कारानं खप वाढतो, पण लाट येत नाही.

वर्षाचीही एक मेख आहे. पुरस्कार जाहीर होतो तो मागच्या वर्षीच्या पुस्तकाला. २००३ चा पुरस्कार २००४ मध्ये दिला जातो. काही याद्या पुस्तकाचं वर्ष लिहितात, काही समारंभाचं. पत्रव्यवहारात यावरून घोळ होतो, त्यावर शेवटी येते.

आणखी एक गोष्ट मला आवडते. इथे कादंबरी, कथा, कविता एकाच रांगेत उभ्या असतात. १९६१ चा पुरस्कार ऊलाव हॅउगेंच्या कवितासंग्रहाला मिळाला. हा माणूस हार्दांगेर फ्योर्डच्या काठी ऊल्व्हीक नावाच्या गावात सफरचंदाची बाग करायचा आणि कविता लिहायचा. १९८३ चा मिळाला शेल आस्किल्सेनच्या बारक्याशा कथासंग्रहाला. बहुतेक ठिकाणी पुरस्कार म्हटला की जाडजूड कादंबरीच पुढे येते. इथे तसं होईलच असं नाही.

असं असण्यामागे एक सरकारी कारण आहे, त्याबद्दल ग्रंथपाल म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. १९६५ पासून इथली सांस्कृतिक परिषद दर्जाच्या चाळणीतून गेलेलं प्रत्येक नवं ललित पुस्तक विकत घेऊन देशभरच्या ग्रंथालयांना वाटते. सुरुवात हजार प्रतींपासून झाली होती. देशाची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास. अशा ठिकाणी कवितासंग्रहाच्या इतक्या प्रती आधीच खपलेल्या म्हणजे प्रकाशकाचा जीव भांड्यात पडतो. नवी पुस्तकं खोक्यातून येतात, आम्ही त्यांना प्लास्टिकचं आवरण घालतो आणि ज्या कवीचं नाव गावात कुणी ऐकलेलं नाही तोही खुनाच्या कादंबऱ्यांशेजारी फळीवर बसतो. समीक्षक त्याच्यावर लिहू शकतो, कारण पुस्तक निघालेलं असतं आणि वाचकाला ते मिळतंही.

आता यादी. माझं म्हणणं असं, की यादी वरून खाली वाचू नका, वर्ष आडवं वाचा. त्या वर्षी समोर आणखी काय होतं ते पाहा. मग पुरस्कार बोलायला लागतो.

२००९ घ्या. त्या शरद ऋतूत कार्ल ऊवे क्नाउसगोरच्या सहा खंडी आत्मचरित्रात्मक कादंबरीचा पहिला खंड आला. देशात दुसरा विषय नव्हता. नातेवाइकांबद्दल इतकं उघडं लिहावं का, यावर वकिलांपासून पाद्र्यांपर्यंत सगळे बोलत होते. ब्रागे पुरस्कार त्यालाच मिळाला. समीक्षकांनी मात्र निवडलं तोमास एस्पेडालचं 'ईमूत कुनस्तेन', म्हणजे 'कलेविरुद्ध'. दोघंही बर्गेनच्या साहित्य-वर्तुळातले, एकमेकांचे स्नेही. एस्पेडालचं पुस्तकही स्वतःच्या आयुष्यावर बेतलेलं: आई गेली, मुलीची आई गेली, आणि आता लेखक एका घरात मुलीला वाढवतोय आणि लिहितोय. पण क्नाउसगोर जिथे चाळीस पानं घेतो तिथे एस्पेडाल चार ओळी घेतो. समीक्षकांनी जणू सांगितलं की आयुष्य कागदावर उतरवायचा हाही एक मार्ग आहे बरं का. ते बरोबर होते की चूक, हा वाद इथे अजून रंगतो. माझं मत विचाराल तर दोन्ही पुस्तकं माझ्या घरी आहेत. एस्पेडालच्या पुस्तकाची पानं जास्त मळली आहेत.

गंमत म्हणजे याच समीक्षकांनी १९९८ मध्ये क्नाउसगोरच्या पहिल्याच कादंबरीला पुरस्कार दिला होता. पदार्पणाच्या पुस्तकाला हा मान मिळायची ती पहिलीच वेळ. म्हणजे त्यांनी माणूस ओळखला होता, तोही दहा वर्षं आधी. बाल-कुमार साहित्यासाठी समीक्षकांचा वेगळा पुरस्कार असतो, तिथेही असंच झालं. युस्टाइन गॉर्डरच्या 'पत्त्यांचं रहस्य' या पुस्तकाला तो मिळाला १९९० साली. १९९१ साली त्याची 'सोफीचं जग' ही कादंबरी आली आणि जगभर गेली. ज्या पुस्तकाच्या जगात लाखो प्रती खपल्या त्याच्या बरोबर आधीचं पुस्तक समीक्षकांच्या यादीत आहे.

एकमत होतं तेव्हाही लक्षात ठेवा. पेर पेटरसनच्या 'ऊत ओ श्येले हेस्तेर'ला, म्हणजे 'घोडे चोरायला'ला, २००३ मध्ये समीक्षकांनीही निवडलं आणि विक्रेत्यांनीही. विग्दिस योर्टच्या 'आर्व ओ मिल्यो'चं २०१६ मध्ये तेच झालं. जे पुस्तक परीक्षण लिहिणाऱ्यालाही आवडतं आणि गल्ल्यावर बसणाऱ्यालाही, ते छोट्या प्रकाशकानं आधी चाळावं.

तीन वेळा पुरस्कार मिळालेला लेखक एकच, डाग सूलस्टा: १९६९, १९९२ आणि १९९९. २०२५ च्या मार्चमध्ये तो गेला. इथल्या वाचकाचं त्याच्याशी जवळच्या नातेवाइकासारखं नातं होतं, म्हणजे कुरकुर करत का होईना, दर नवं पुस्तक घ्यायचंच. सत्तरच्या दशकात हा माणूस माओवादी पक्षात होता, पुढे एका मित्राबरोबर फुटबॉल विश्वचषकावर पुस्तकं लिहिली. १९९२ ची जी कादंबरी आहे तिचं नाव आहे 'अकरावी कादंबरी, अठरावं पुस्तक'. नाव म्हणून लेखकानं सरळ आपल्या पुस्तकांची मोजदादच लिहून टाकली आहे. नायक ब्यर्न हान्सेन हा कोंग्सबेर्ग गावचा खजिनदार. बायको-मुलाला सोडून एका बाईच्या मागे या गावात आलेला, तिच्या हौशी नाटकमंडळीत रमलेला आणि मग हळूहळू सगळ्यातून उठलेला. शेवटी तो एका डॉक्टरला हाताशी धरून धडधाकट असताना चाकाच्या खुर्चीत बसायचं ठरवतो. काहीतरी एकदाचं पक्कं, परत न फिरवता येणारं करायचं म्हणून.

याच्याशेजारी २०१८ चं विजेतं पुस्तक ठेवा. यान ग्रूए हा ऑस्लो विद्यापीठातला प्राध्यापक, लहानपणापासून स्नायूंच्या आजारामुळे चाकाची खुर्ची वापरणारा. त्याच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव साधारण असं: 'तुमच्यासारखंच दिसणारं आयुष्य मी जगतो'. एकाच यादीत सव्वीस वर्षांच्या अंतरानं दोन चाकाच्या खुर्च्या. एक मनानं बसलेल्या माणसाची आणि एक खरोखर बसलेल्याची. सूलस्टा वाचून मी खूप वर्षं त्या खुर्चीकडे एक रूपक म्हणूनच बघत होते. ग्रूए वाचल्यावर आमच्या ग्रंथालयाच्या दारातला उतार किती तिरका आहे हे दिसलं.

आता तुमच्या कामाचं. मराठीत काय आणावं?

पहिलं नाव योर्टचं. 'आर्व ओ मिल्यो'ची गोष्ट एका ओळीत सांगते: समुद्राजवळच्या दोन केबिनी आईवडील चार भावंडांपैकी दोघींच्याच नावे करतात आणि गाडलेलं सगळं वर येतं. बेर्ग्ल्योत ही मोठी बहीण तेवीस वर्षं घरापासून तुटलेली आहे. तिला केबिन नकोच आहे. लहानपणी जे घडलं ते घडलं होतं, एवढंच कुणीतरी मान्य करावं असं तिला वाटतं. कोकणातल्या घराच्या वाटणीवरून एकमेकांच्या लग्नाला न जाणारी भावंडं ज्या वाचकांच्या घरात आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. नॉर्वेत या कादंबरीवरून मोठा वाद झाला, कारण कादंबरीतलं कुटुंब आणि लेखिकेचं कुटुंब यांत अंतर किती, असं वर्तमानपत्रांनी उकरायला घेतलं. २०१७ साली लेखिकेच्या बहिणीनंच एक कादंबरी लिहून आपली बाजू मांडली. छोट्या देशात समीक्षकाला असल्या वेळी जपून चालावं लागतं. इथे त्यासाठी 'हाबिलितेत' असा एक शब्द रोजच्या बोलण्यात आहे: या पुस्तकावर लिहायला मी मोकळी आहे का, की लेखिकेशी माझं काही नातं, मैत्री, वैर आहे? साहित्यिक कार्यक्रमानंतर एकाच टेबलावर बसणाऱ्या लोकांत हा प्रश्न रोजचाच.

शीर्षकाकडे बघा. 'आर्व' म्हणजे इस्टेटही आणि रक्तातून आलेलंही. 'मिल्यो' म्हणजे भोवतालची परिस्थिती. दोन्ही मिळून मानसशास्त्रातला जुना वाद होतो: माणूस जन्मानं घडतो की संगतीनं? इंग्रजी आवृत्तीनं यातली इस्टेट तेवढी उचलली, मृत्युपत्राचं नाव दिलं. जर्मनांनी सरळ 'बेर्ग्ल्योतचं कुटुंब' म्हटलं. मी बरेच दिवस 'वारसा आणि वातावरण' असं काहीबाही लिहून खोडत होते. मग एका संध्याकाळी ट्राममध्ये आठवलं, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. 'वाण आणि गुण'. यात इस्टेट सुटते हे खरं, पण जन्म आणि संगत हा सगळा झगडा मराठीनं दोन शब्दांत कधीच करून ठेवलाय. तुम्ही हे पुस्तक घेतलंत तर हे नाव तुमचं, माझी हरकत नाही.

योर्टला २०१२ मध्येही हा पुरस्कार मिळाला होता, टपालखात्यावरच्या कादंबरीसाठी. युरोपीय संघाच्या तिसऱ्या टपाल-निर्देशाविरुद्ध लढणारी कर्मचारी संघटना आणि तिचा प्रचार करता करता शुद्धीवर येणारी जनसंपर्क क्षेत्रातली बाई. विषय ऐकून झोप येते, पुस्तक वाचून उडते. शीर्षकात टपालाच्या शिंगाचा जयजयकार आहे. आपल्याकडे शिंग नाही, डाकेच्या हरकाऱ्याची घुंगुरकाठी आहे. ती घालायची की शिंग ठेवायचं, यावर मी ठाम आहे: शिंगच ठेवा, इथल्या टपालखात्याचं ते जुनं चिन्ह होतं. शीर्षक मराठीशी जुळलं तर घ्यावं, पण वस्तू बदलू नये.

दुसरं नाव मेरेटे लिंडस्ट्रमचं. २०११ चा समीक्षक-पुरस्कार आणि २०१२ चा उत्तर युरोपीय देशांच्या नॉर्डिक परिषदेचा, दोन्ही मिळालेली बारीक कादंबरी. म्हातारं जोडपं, एव्हा आणि सीमोन. सीमोन बोलायचा थांबत गेलाय. घरकामाला येणारी मारिया नावाची लातव्हियन बाई त्यांच्या इतकी जवळची झाली होती, तरी त्यांनी तिला अचानक काढून टाकलं. का, ते मुलींनाही सांगत नाहीत. शांत पुस्तक आहे, खपणार नाही म्हणाल. पण स्वयंपाकघरात आपल्याच माणसासारखी वावरणारी बाई आणि तरीही तिचं आपलं नसणं, हे जितकं ऑस्लोत तितकंच डोंबिवलीत.

तिसरं, आणि छोट्या प्रकाशकानं खरं तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, आस्किल्सेनचं १९८३ चं पुस्तक. थॉमस एफ. नावाचा एक एकटा, तिरसट म्हातारा आणि जगाला उद्देशून त्याच्या शेवटच्या नोंदी. इतकं लहान की अनुवाद, छपाई, किंमत, सगळं आवाक्यात राहील. २००६ साली डागब्लादे या दैनिकानं मागच्या पंचवीस वर्षांतलं सर्वोत्तम नॉर्वेजियन ललित पुस्तक निवडायला सांगितलं, तेव्हा पहिलं आलं ते हेच. वाक्यं इतकी कोरडी की अनुवादकाला प्रत्येक ठिकाणी एखादं विशेषण घालायचा मोह होतो. मोह टाळणारा माणूस शोधा. भाषा 'सुंदर' लिहिणारा नको.

हेर्ब्यर्ग वासमो या लेखिकेची याच यादीतली १९८१ ची कादंबरी मोठी आहे, चांगली आहे, पण ती तीन खंडांची सुरुवात आहे आणि पुढचे दोन काढायची तयारी नसेल तर वाचकाची फसवणूक होईल. हॅउगेच्या कविता नंतर. कवितेला कवी लागतो.

इंग्रजीवरून चालेल का? मराठीला इब्सेन भेटला तो बहुतांश इंग्रजीच्या वाटेनं, आणि त्याच्या 'डॉल्स हाउस'वरून अनंत काणेकरांनी केलेलं 'घरकुल' मराठी रंगभूमीवर उभं राहिलंच. सूलस्टाच्या त्या 'अठराव्या पुस्तका'चा जपानी अनुवाद तर हारुकी मुराकामींनी केला, तोही इंग्रजीवरून. त्यामुळे सोवळं पाळा असं मी म्हणणार नाही. पण मूळ भाषा येणारा एक माणूस हस्तलिखितावर बसवा. कारणं दोन सांगते.

एक, तू आणि तुम्ही. नॉर्वेजियनमध्ये जुना आदरार्थी 'दे' गेल्या काही दशकांत बोलण्यातून जवळजवळ गळून पडला. आज मंत्र्यालाही 'दू' आणि मुलालाही 'दू'. इंग्रजीतूनही काही सुगावा लागत नाही. मराठीत मात्र पहिल्याच संवादाला ठरवावं लागतं. 'घोडे चोरायला'मध्ये सदुसष्ट वर्षांचा त्रूंद सीमेजवळच्या एका आडगावात एकटा राहायला आला आहे. १९९९ चा नोव्हेंबर. रात्री बाहेर कुणीतरी विजेरी घेऊन पोकर नावाच्या कुत्र्याला हाका मारतंय. तो शेजारी, लार्स. दोन अनोळखी म्हातारे अंधारात भेटतात, मराठीत ते 'तुम्ही'च म्हणणार. पण हा लार्स म्हणजे १९४८ च्या उन्हाळ्यातल्या आपल्या मित्राचा, यूनचा, धाकटा भाऊ आहे हे त्रूंद ओळखतो आणि लगेच बोलून दाखवत नाही. तेव्हा लार्स दहा वर्षांचा होता, त्रूंद पंधराचा. त्या पोराला तो 'तू'च म्हणत असणार. मग आता? मराठीत 'तुम्ही'चं 'तू' कोणत्या पानावर करायचं? लवकर केलंत तर पेटरसननं जपून ठेवलेलं गुपित एका सर्वनामातून फुटतं. कधीच केलं नाहीत तर दोघांमधलं अंतर संपतच नाही. मी माझ्या मसुद्यात ते अगदी उशिरा केलं आणि फक्त एकाच बाजूनं: त्रूंद 'तू' म्हणतो, लार्स 'तुम्ही'वरच राहतो. वयातला पाच वर्षांचा फरक मराठीनं परत आणला, जो मूळात सर्वनामात दिसत नाही. चूक असेलही. पण हा निर्णय जाणून घेतलेला असावा, सवयीनं नाही.

दोन, नॉर्वेजियन लिहायच्या दोन प्रमाणभाषा आहेत, बूकमोल आणि नीनोर्स्क. एकोणिसाव्या शतकात ईव्हार ओसेननं खेडोपाडी फिरून बोलीभाषांतून नीनोर्स्क बांधली आणि १८८५ मध्ये तिला बरोबरीचा दर्जा मिळाला. फॉसे तिच्यात लिहितो, हॅउगे तिच्यात लिहायचा, २००७ चा विजेता कार्ल फ्रूडे टिलरही तिच्यातच. इंग्रजी अनुवादात हा भेद पुसला जातो. आणि ज्याला तो कळतो तो मराठी अनुवादक उत्साहानं मालवणी किंवा अहिराणी वापरायला धावतो. तसं करू नका. नीनोर्स्क ही बोली नव्हे, तिच्यात साप्ताहिकं निघतात, कायदे छापले जातात, मुलं परीक्षा देतात. मी स्वच्छ मराठी ठेवते, फक्त संस्कृत तत्सम शब्द शक्य तिथे टाळते. 'निर्णय घेतला'ऐवजी 'ठरवलं', 'प्रतीक्षा'ऐवजी 'वाट'. एवढ्यानंही पोत बदलतो.

पैशाचं आणि हक्कांचं. १९७८ पासून नॉर्ला नावाची संस्था नॉर्वेजियन पुस्तकांच्या परदेशी अनुवादांना अनुदान देते. अर्ज अनुवादकानं नाही, परदेशी प्रकाशकानं करायचा, म्हणजे तुम्ही. अनुवाद मूळावरून आहे की दुसऱ्या भाषेवरून, हे त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचं असतं, तेव्हा त्यांचे चालू नियम वाचूनच अनुवादक ठरवा. हक्क मात्र आधी. मी एकदा हौसेनं एका विजेत्या कादंबरीची एकशे वीस पानं करून बसले आणि मग हक्क विकणाऱ्या एजन्सीला पत्र घातलं. भारतीय भाषांचे हक्क एकत्रच कुणाला तरी देऊन झाले होते. ती पानं अजून कपाटात आहेत. दोष कुणाचा नाही, माझ्या उतावळेपणाचा आहे.

एजन्सीला पहिल्या पत्रात चार ओळी पुरतात: तुमचं प्रकाशन, आधी काढलेली एकदोन अनुवादित पुस्तकं, साधारण किती प्रती काढाल, आणि पुस्तकाचं मूळ नाव. प्रतींचा आकडा खरा लिहा. पाचशे असतील तर पाचशे. त्यांना पाचशेची लाज वाटत नाही, त्यांच्याकडच्या कवितासंग्रहांचे आकडेही असेच असतात. आणि वर्ष लिहिताना पुस्तक निघालं ते वर्ष लिहा, पुरस्कार-समारंभाचं नको. आस्किल्सेन घेणार असाल तर १९८३. पत्र गेलं की उत्तराची वाट बघताना अनुवादकाकडून पहिल्या कथेची दोन पानं नमुन्यादाखल करून घ्या आणि मला पाठवा, मी मूळाशी ताडून देईन. जुलैमध्ये पाठवू नका, तेव्हा अख्खा देश सुट्टीवर असतो, मीसुद्धा.